राजाची सुटका, रयतेची चौथाई : रिचर्डच्या खंडणीचा जमाखर्च

लेखक : रोजकीर्द
विभाग : इतिहास

दीड लाख मार्क. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड याच्या सुटकेसाठी जून ११९३ मध्ये ठरलेली ही रक्कम. माझं सगळं आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेलं, त्यामुळे असा आकडा वाचला की तो कागदावर मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मार्क हे नाणं नव्हतं, हिशेबाचं माप होतं. एक मार्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स, म्हणजेच १६० पेनी. पाउंड आणि शिलिंगसुद्धा फक्त वहीत. लोकांच्या हातात फिरणारं नाणं एकच, चांदीची पेनी, वजनाला दीड ग्रॅमही भरत नसे. आता गुणाकार करा. २ कोटी ४० लाख पेनी. कोलोन शहराच्या वजनाने तोलली तर ३५ टनांच्या आसपास चांदी. राजाचं वर्षाचं जे नेहमीचं उत्पन्न, त्याच्या दोन-तीन पट.

आधीची गोष्ट थोडक्यात सांगतो. ११८७ च्या जुलैत हत्तीनच्या लढाईत सलाहुद्दीनने जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याची फौज मोडली आणि २ ऑक्टोबरला शहर घेतलं. तिसऱ्या क्रूसेडची, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या ख्रिस्ती धर्मयुद्धाची, हाक गेली. रिचर्ड ११८९ मध्ये गादीवर आला, ११९० मध्ये निघाला, वाटेत सायप्रस जिंकलं, १२ जुलै ११९१ ला पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरचं अक्का शहर पडलं. तिथे ऑस्ट्रियाचा ड्यूक लिओपोल्ड याने शहरावर आपलं निशाण लावलं आणि रिचर्डच्या माणसांनी ते खाली फेकलं. दीड वर्षाने परतताना रिचर्डचं जहाज भरकटलं आणि वेष पालटून जमिनीवरून जाताना डिसेंबर ११९२ मध्ये तो व्हिएन्नाजवळ नेमका त्याच लिओपोल्डच्या हाती सापडला. ड्यूकने त्याला ड्युर्नश्टाइनच्या किल्ल्यात ठेवलं आणि पुढे जर्मन सम्राट सहाव्या हेन्रीच्या ताब्यात दिलं.

इथवरची कथा बहुतेकांना ठाऊक असते. मला तिच्यापुढची पानं जास्त ओढतात. पैसे कुणी दिले?

वसुली अशी बसवली. सरदारांकडून आणि घोडेस्वारांकडून प्रत्येक 'नाइटच्या जमिनी'मागे २० शिलिंग. धर्मगुरू असो की संसारी, प्रत्येकाकडून उत्पन्नाचा आणि जंगम मालाचा चौथा हिस्सा. देवळांतली सोन्याचांदीची भांडी. आणि सिस्टर्शियन साधू, ज्यांच्या मठात सोनंचांदी ठेवायचीच नाही असा नेम होता, त्यांच्याकडून वर्षभराची सगळी लोकर. गोळा झालेली चांदी लंडनच्या सेंट पॉल्स चर्चमध्ये पेट्यांत ठेवली, राजमाता एलिनॉर आणि रूआँचा आर्चबिशप यांच्या मोहोरा लावून. राखणदारांत दोन बिशप, दोन अर्ल आणि लंडनचा पहिला महापौर हेन्री फिट्झएल्विन.

कैदेतून एप्रिल ११९३ मध्ये रिचर्डने आई आणि न्यायाधीशांना पत्र धाडलं. त्यात सूचना आहे : देवळांतली जी चांदी घ्याल तिची लेखी नोंद ठेवा, परत करण्याची हमी द्या. आणि पुढे : कोणत्या सरदाराने किती दिलं ते मोहोरबंद कळवा, म्हणजे कुणाचे किती आभार मानायचे ते मला समजेल. ही ओळ मी कितीदा वाचली असेल. चार भिंतींत अडकलेला राजा माणसागणिक खातं उघडायला सांगतोय.

दोन हप्ते करूनही रक्कम पुरी झाली नाही, बाकीसाठी ओलीस द्यावे लागले. ४ फेब्रुवारी ११९४ ला माइन्झ इथे राजा सुटला. १३ मार्चला सँडविच बंदरात उतरला, एप्रिलमध्ये विंचेस्टरला पुन्हा मुकुट घातला आणि १२ मे रोजी फ्रान्सकडे निघून गेला. तो पुन्हा इंग्लंडला आलाच नाही. दहा वर्षांच्या राजवटीत तो इंग्लंडमध्ये जेमतेम सहा महिने होता.

माझं म्हणणं एवढंच आहे. रिचर्डच्या तलवारीने इंग्लंडला काही दिलं नाही. त्याच्या बिलाने मात्र दिलं. 'मागायचं तर आधी कुणाला विचारायचं' हा प्रश्न त्या राज्यात पक्का झाला तो या वसुल्यांतून. मॅग्ना कार्टा ही सरदारांनी राजा जॉनकडून १२१५ मध्ये घेतलेली सनद. संमतीशिवाय वसुली नाही असं सांगणारं तिचं बारावं कलम या खंडणीच्या पावतीमागे लिहिलेलं आहे असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने लिहा.

———

नवखा :
सुंदर लेख, काका. दोन शंका. 'नाइटची जमीन' म्हणजे नक्की काय? आणि राजाला सोडवायला रयतेने पैसे का द्यायचे, कर्तव्य म्हणून की जबरदस्तीने?

———

सातबारा :
नवखा, रोजकीर्द येईपर्यंत मी सांगतो. जमिनीच्या कागदांशी रोजचा संबंध असल्यामुळे हा माझा आवडता विषय.

१०६६ मध्ये विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर तत्त्व असं ठरलं की सगळी जमीन राजाची, बाकीचे सगळे ती 'धरून' आहेत. राजाकडून सरदाराने धरायची, सरदाराकडून नाइटने, त्याच्या खाली गाव. १०८६ च्या डूम्सडे बुकात गावोगाव नोंद घेतली : धनी कोण, नांगर किती, कुरण किती, डुकरं चरायला रान किती. जमिनीच्या बदल्यात सेवा. एका नाइटला घोडा-चिलखतासह उभं करण्याएवढी जमीन म्हणजे 'नाइटची जमीन'. स्वतः जायचं नसेल तर पैसे भरा. त्या वसुलीच्या नावात ढालीसाठीचा लॅटिन शब्द आहे. आपल्याकडे घरपट्टी, पाणीपट्टी म्हणतात त्या चालीवर मी तिला ढालपट्टी म्हणतो.

दुसरी शंका. मालक कैदेत सापडला तर त्याला सोडवायला मदत करणं हे धारकाचं कर्तव्यच मानलं जाई. अशा मदती तीन : मालकाची सुटका, थोरल्या मुलाचा नाइट होण्याचा समारंभ, थोरल्या मुलीचं पहिलं लग्न. त्यामुळे ११९३ चे २० शिलिंग रिवाजाला धरून होते. चौथा हिस्सा मात्र रिवाजाच्या पुष्कळ पलीकडचा. तो जमीन धरणाऱ्याकडून नव्हे, ज्याच्या घरात काही म्हणून आहे त्या प्रत्येकाकडून होता.

एक तक्रार. आपण हे सगळं 'सरंजामशाही' शब्दात कोंबतो. मराठ्यांचा सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला मुलखाचा वसूल, तत्त्वतः राज्याला परत घेता येणारा. वंशपरंपरा चालायचं ते वतन. इंग्लंडमधली जमीन दोन्ही होती. चाकरीची अट सरंजामासारखी, वारसा वतनासारखा, आणि वर स्वतःच्या गावात स्वतःचं न्यायालय भरवण्याचा हक्क. वारसाने ताबा घेताना नजराणा भरायचा. तो किती, याला बंधन नव्हतं, आणि खरी भांडणं तिथूनच पेटली.

———

बुरुज :
लेख आवडला, पण रिचर्डवर अन्याय झालाय.

"दहा वर्षांत इंग्लंडमध्ये सहा महिने" हे वाक्य नेहमी त्याच्या तोंडावर मारलं जातं. पण तो फक्त इंग्लंडचा राजा नव्हताच. नॉर्मंडी, आंजू, मेन, तूरेन, प्वातू, अक्विटेन, थेट पिरेनीज डोंगरापर्यंत त्याचा मुलूख होता. जिथे शत्रू तिथे राजा, हा त्या काळचा राजधर्म. तो कैदेत असताना फ्रान्सच्या फिलिपने एप्रिल ११९३ मध्ये जिझॉरचा किल्ला घेतला. सख्खा भाऊ जॉन फिलिपला मिळाला, आणि दोघांनी मिळून सम्राटाला पैसे देऊ केले, याला अजून काही महिने अडकवून ठेवा म्हणून. सुटकेचा करार झाल्याचं कळलं तेव्हाच फिलिपने जॉनला निरोप पाठवला होता की सांभाळ, सैतान मोकळा सुटलाय. ११९४ ते ११९९ रिचर्डने गेलेला मुलूख बराचसा परत मिळवला. सीन नदीवरच्या कड्यावर शातो गायार हा किल्ला दोन वर्षांत उभा केला.

आणि क्रूसेडमधलं त्याचं सेनापतिपण बघा. ७ सप्टेंबर ११९१, अर्सूफची लढाई. अक्क्याहून दक्षिणेला समुद्र उजव्या हाताला ठेवून कूच, ऑगस्टचं ऊन, डावीकडून घोडेस्वार तिरंदाजांचा सतत मारा. बाहेर पायदळाची भिंत, आत घोडे, आणि त्यांच्या पलीकडे किनाऱ्याकडच्या अंगाला सामान आणि दमलेले लोक. पायदळाच्या दोन पाळ्या होत्या, एक लढणारी, एक किनाऱ्याने विश्रांती घेत चालणारी. ही शिस्त त्याने दोन आठवडे टिकवली. पुढे तो दोनदा जेरुसलेमपासून २० किलोमीटरच्या आत पोचला आणि दोनदा मागे फिरला, कारण शहर घेतलं तरी राखायला माणसं उरणार नाहीत हे त्याला कळत होतं. सगळी फौज शहरासाठी रडत असताना मागे फिरण्याचा हुकूम द्यायला छाती लागते.

———

पाणवठा :
बुरुज, अर्सूफच्या आधीच्या दोन आठवड्यांचंही लिहा ना. २० ऑगस्ट ११९१. अक्का पडल्यावर शरणागतीच्या अटींत ठरलेल्या रकमेवरून आणि कैद्यांच्या अदलाबदलीवरून बोलणी लांबली, तेव्हा रिचर्डने सुमारे २,७०० कैदी दोरांनी बांधून शहराबाहेर मैदानात आणवले आणि सलाहुद्दीनच्या तळावरून दिसेल अशा जागी मारून टाकले. सलाहुद्दीनचा चरित्रकार बहाउद्दीन तेव्हा त्या तळावर होता. दुसऱ्या दिवशी आपले लोक मैदानात जाऊन ओळखीचे चेहरे शोधत होते, असं तो लिहितो.

दीड वर्षाने हाच राजा स्वतः खंडणीसाठी अडकलेला कैदी झाला. त्याला सोडवायला देशभरातून चांदी आली. त्या २,७०० जणांचे पैसे यायला उशीर झाला होता, इतकंच.

———

बुरुज :
पाणवठा, मान्य. तो प्रसंग मी टाळायला नको होता. हिशोबी लष्करी निर्णय होता असं म्हणणारे इतिहासकार आहेत : एवढे कैदी मागे ठेवून कूच करणं अवघड होतं. मला स्वतःला ते समर्थन पुरत नाही. सेनापती म्हणून तो मोठा होता, हे माझं मत त्या मैदानासकट आहे.

———

धुकं :
मी बारा वर्षं यॉर्कमध्ये राहते. रोजकीर्द काकांनी राज्याभिषेकाचा उल्लेख केला नाही म्हणून लिहिते आहे.

३ सप्टेंबर ११८९ ला वेस्टमिन्स्टरला रिचर्डला मुकुट घातला त्याच दिवशी नजराणे घेऊन आलेल्या ज्यूंवर जमाव तुटून पडला. लंडनमध्ये घरं जाळली. पुढच्या मार्चमध्ये, क्रूसेडला जायची तयारी चाललेली असताना, ते लोण यॉर्कला आलं. इथले ज्यू किल्ल्यातल्या लाकडी बुरुजात आसऱ्याला गेले. १६ मार्च ११९० च्या रात्री बहुतेकांनी आपल्या हाताने आपल्या माणसांना मारून मरण पत्करलं, जे सकाळी शरण आले त्यांना बाहेर पडताच मारलं. सुमारे दीडशे माणसं. मग जमाव थेट कॅथेड्रलमध्ये गेला, तिथे ठेवलेले ज्यू सावकारांचे कर्जरोखे बाहेर काढले आणि चर्चच्या आतच जाळले. पुढाकार घेणाऱ्यांत त्या कर्जांत बुडालेले सरदार होते.

आज तिथे आहे तो दगडी क्लिफर्ड्स टॉवर नंतरच्या शतकातला. मार्चमध्ये टेकाड पिवळ्या डॅफोडिलनी भरतं. पायथ्याशी एक पाटी आहे. माझी मुलगी सहा वर्षांची असताना तिने ती पाटी मोठ्याने वाचली आणि विचारलं, "आई, ते चर्चमध्ये कागद का जाळत होते?" तिला काय सांगावं हे मला सुचेना. शेवटी एवढंच म्हणाले, की त्या कागदांवर कुणी कुणाचे किती पैसे द्यायचे ते लिहिलं होतं.

———

रोजकीर्द :
धुकंताई, हे माझ्या लेखात हवं होतं. नसणं ही माझी चूक. त्याला जोडून वहीतली गोष्ट सांगतो.

ज्यू 'राजाचे' मानले जात. त्यांचं धन अखेर राजाचं, त्यामुळे रोखे जळाले तेव्हा राजाचं येणं जळालं. ११९४ मध्ये राजाच्या न्यायाधीशांनी नियम केला : यापुढे प्रत्येक कर्जाचा रोखा दोन प्रतींत लिहायचा, एक प्रत सावकाराकडे आणि दुसरी ठरलेल्या गावांत कुलूपबंद पेटीत. पुन्हा कुणी जाळले तरी हिशेब राहावा म्हणून. माणसांसाठी नव्हे, हिशेबासाठी.

त्याच वर्षी खंडणीच्या कामी ज्यूंवर ५,००० मार्कांची रक्कम बसवली. गावोगावच्या ज्यूंनी किती भरले त्याची यादी उरली आहे. लंडन आहे, लिंकन आहे, नॉर्विच आहे. यॉर्कचं नाव त्या यादीत नाही.

———

धुकं :
_/\_

———

नवखा :
काका, एवढे पैसे मोजायचे कसे? बहुतेकांना लिहिता-वाचता येत नसणार.

———

रोजकीर्द :
नवखा, हा प्रश्न विचारलास म्हणून बरं वाटलं.

राजाच्या हिशेबखात्यात दहा फूट लांब, पाच फूट रुंद टेबल असे. त्यावर काळं कापड, कापडावर चौकटी आखलेल्या. एका रांगेत पेन्स, पुढच्या रांगेत शिलिंग, मग पाउंड, मग वीस-वीस पाउंड, शंभर, हजार. जिल्ह्याचा शेरिफ एका बाजूला बसे, समोर हिशेबनीस. येणं किती ते सोंगट्यांनी मांडायचं, खाली भरणा मांडायचा, दोन्ही रांगांतून सोंगट्या उचलत जायच्या. उरल्या तेवढी बाकी. अक्षर न येणाऱ्या शेरिफलासुद्धा आपली थकबाकी डोळ्यांनी दिसे. त्या चौकटींवरूनच खात्याचं 'एक्सचेकर' हे नाव पडलं, आणि ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या हुद्द्यात ते आजही आहे.

पावती लाकडाची. हेझलच्या झाडाची काठी घ्यायची आणि आडव्या खाचा पाडायच्या. हजार पाउंडाची खाच तळहाताएवढी रुंद, शंभराची अंगठ्याएवढी, विसाची करंगळीएवढी, एका पाउंडाची जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी, शिलिंगाची त्याहून बारीक, आणि पेनीसाठी लाकूड न काढता नुसती एक रेघ. मग काठी उभी चिरायची. एक फाक भरणाऱ्याकडे, दुसरी खात्याकडे. पुढच्या खेपेला दोन्ही जुळवायच्या. खाच वाढवली किंवा बुजवली तर लगेच पकडलं जाणार, आणि लाकडाच्या शिरा तर कुणालाच खोट्या करता येत नाहीत. ही पद्धत शेकडो वर्षं चालली. जुन्या काठ्यांचा साठा १८३४ च्या ऑक्टोबरमध्ये भट्टीत घातला तेव्हा भट्टी इतकी भडकली की ब्रिटिश पार्लमेंटची इमारत जळून गेली.

खंडणीसाठी वेगळं हिशेबखातं उघडलं होतं. त्याच्या वह्या मात्र काळाच्या ओघात गेल्या. म्हणून चांदी किती जमली हे इकडच्या-तिकडच्या थकबाकीच्या नोंदींवरून लावावं लागतं. राजा सुटून कित्येक वर्षं झाली तरी 'राजाच्या सुटकेबद्दल अमुक शिलिंग बाकी' अशा ओळी हिशेबखात्याच्या वार्षिक नोंदींच्या गुंडाळ्यांत येत राहतात.

———

ओवी :
वाचतेय. धागा भारी चाललाय. दोन बायकांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

एक एलिनॉर. नवऱ्याने, दुसऱ्या हेन्रीने, मुलांच्या बंडात सामील झाली म्हणून तिला पंधरा वर्षं नजरकैदेत ठेवलं होतं. ११८९ मध्ये तो मेला, ती सुटली, आणि पहिलं काम केलं ते तुरुंगांची दारं उघडण्याचं. कैद काय असते आणि सुटका किती गोड असते ते आपण स्वतः अनुभवलंय, असं ती म्हणाल्याची नोंद आहे. चार वर्षांत मुलगा कैदेत. सत्तरीच्या आसपासची ही बाई चांदीच्या पेट्यांवर मोहोर लावते, जॉनच्या बंडाला आवर घालते आणि ऐन थंडीत स्वतः जर्मनीला जाऊन मुलाला घेऊन येते.

दुसरी ओमालची काउंटेस हवीज. तिचा पहिला नवरा ११८९ मध्ये वारला. रिचर्डने आपल्या आरमाराच्या एका नायकाला बक्षीस म्हणून तिचा हात देऊ केला. ती नाही म्हणाली. राजाने तिच्या जमिनीवरचा माल जप्त करून पैसे वसूल करायला सुरुवात केली, तेव्हा तिला हो म्हणावं लागलं. तो नवरा ११९५ मध्ये वारला, तर राजाने तिला बेत्यूनच्या बाल्डविनला दिलं. हा बाल्डविन राजासाठी ओलीस राहिलेल्यांपैकी. म्हणजे राजाच्या सुटकेची किंमत एका बाईच्या हाताने चुकती झाली. १२१२ मध्ये बाल्डविनही गेला. तोवर राजा जॉन. हवीजने त्याला ५,००० मार्क देऊ केले. कशासाठी? तर यापुढे लग्नाची सक्ती करू नये यासाठी.

५,००० मार्क. रोजकीर्द काका, वरची ज्यूंची रक्कमही तेवढीच, बघा. मॅग्ना कार्टाचं आठवं कलम म्हणतं की विधवेला तिच्या मर्जीविरुद्ध लग्न करायला लावू नये. हे कलम हवेतून आलेलं नाही.

———

रोजकीर्द :
ओवीताई, बाल्डविन ओलीस होता आणि हवीज त्याला दिली या दोन नोंदी मी वेगवेगळ्या वाचल्या होत्या, शेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या. आभार.

ओलिसांचं पुढे काय झालं तेही सांगतो. उरलेले पैसे येईनात तसा लिओपोल्डने त्यांना मारण्याची धमकी दिली. क्रूसेडवरून परतणाऱ्याला पकडलं म्हणून पोपने त्याला आधीच बहिष्कृत केलं होतं. डिसेंबर ११९४ मध्ये घोडा अंगावर पडून त्याचा पाय चिरडला, पाय कापावा लागला आणि तो मेला. मरताना त्याने ओलीस सोडले. मिळालेली चांदी तोवर कामी लागली होती : व्हिएन्नाची तटबंदी, वीनर नॉयश्टाट हे नवं शहर. आणि सम्राटाने आपल्या वाट्यावर सिसिली जिंकली.

———

नवखा :
रॉबिन हूड कुठे आला नाही अजून?

———

सातबारा :
तो या काळातला नाही. सर्वांत जुन्या पोवाड्यांत राजाचं नाव एडवर्ड आहे. रिचर्ड-जॉनच्या काळात त्याला नेऊन बसवलं ते १५२१ मध्ये एका स्कॉटिश इतिहासकाराने. पण गरिबांची बाजू घेऊन उभा राहिलेला खरा माणूस हवा असेल तर लांब दाढीचा विल्यम फिट्झऑस्बर्ट बघ.

हा लंडनचा, शिकलेला, स्वतः क्रूसेडला जाऊन आलेला. खंडणी आणि त्यानंतरच्या लढायांसाठी लंडनवर ठोक रक्कम बसे आणि शहरातले बडे लोक आपला वाटा गरिबांवर ढकलत. ११९६ मध्ये याने त्याविरुद्ध सभा घेतल्या, राजाला भेटायला फ्रान्सलाही गेला. राज्याचा कारभार तेव्हा कँटरबरीचा आर्चबिशप ह्यूबर्ट वॉल्टर बघत होता. पकडायला माणसं आली तसा विल्यम सेंट मेरी-ल-बो या चर्चमध्ये शिरला. चर्चमध्ये शिरलेल्याला हात लावायचा नाही हा धर्माचा नियम, आणि आर्चबिशपच्याच माणसांनी चर्चला आग लावून त्याला धुरातून बाहेर काढलं. घोड्यामागे फरफटत नेऊन नऊ साथीदारांसह फाशी दिलं.

त्यानंतरचं एका समकालीन इतिवृत्तकाराने लिहून ठेवलंय, आणि तो विल्यमच्या बाजूचा मुळीच नव्हता. लोक रात्री येऊन फासाखालची माती चिमूट-चिमूट नेऊ लागले, आजाऱ्याला लावायला. नेता नेता तिथे मोठा खड्डा पडला. शेवटी पहारा बसवावा लागला.

———

बुरुज :
ही माहिती नव्हती. फरफटत नेणारा आर्चबिशप ह्यूबर्ट वॉल्टर हाच अक्क्याच्या वेढ्यात उपासमारीने मरणाऱ्या सैनिकांसाठी वर्गणी गोळा करत फिरला होता. माणसं एका रंगाची नसतात.

रोजकीर्द, तुमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. बारावं कलम खंडणीच्या पावतीमागे लिहिलंय हे मला अजून पटलेलं नाही. १२१५ चा राग जॉनवर होता. १२०४ मध्ये त्याने नॉर्मंडी घालवली, सोळा वर्षांच्या राजवटीत अकरा वेळा ढालपट्टी घेतली, आणि १२१४ मध्ये बूव्हीनला त्याच्या दोस्तांची फौज साफ हरली. रिचर्डच्या खंडणीला सरदारांनी नाही म्हटलं नव्हतं.

———

रोजकीर्द :
बरोबर, नाही म्हटलं नव्हतं. ती कडी मी लेखात धूसर ठेवली, आता क्रमाने मांडतो.

११८८ मध्ये सलाहुद्दीनशी लढायला म्हणून दुसऱ्या हेन्रीने दहावा हिस्सा घेतला. प्रत्येक गावच्या चर्चमध्ये पाद्री, एक टेम्प्लर, एक हॉस्पिटलर (हे दोन्ही लढाऊ साधूंचे पंथ), राजाचा माणूस, सरदाराचा माणूस यांच्यासमोर भरायचा. कुणी कमी भरला असा संशय आला तर गावातल्याच चार-सहा जणांनी शपथेवर त्याची ऐपत सांगायची. क्रूसेडला निघालेल्याला माफी, नाइटचा घोडा आणि शस्त्रं वगळली, पाद्र्याची पुस्तकं वगळली. म्हणजे माणसाच्या घरातल्या वस्तू मोजायची यंत्रणा तयार झाली. ११९३ मध्ये त्याच यंत्रणेवर चौथा हिस्सा. दोन्ही वेळा कारण असं होतं की नाही म्हणता येऊ नये : आधी जेरुसलेम, मग राजाची सुटका. १२०७ मध्ये जॉनने तेरावा हिस्सा घेतला आणि ५७ हजार पाउंडांच्या वर जमवले. या वेळी ना जेरुसलेम होतं, ना कुणी राजा कैदेत. सरदारांना कळलं की असाधारण म्हणून दिलेलं आता सवयीचं होतंय.

म्हणून बाराव्या कलमाची भाषा बघा. राज्याच्या सर्वसाधारण संमतीशिवाय ढालपट्टी नाही, मदत नाही. अपवाद तीन, आणि त्यांत पहिला : 'आमच्या देहाच्या सुटकेसाठी'. त्यातही रक्कम वाजवी असावी अशी अट. बुरुज, रनिमीडच्या कुरणावर हे लिहिलं तेव्हा बावीस वर्षांपूर्वी चौथा हिस्सा भरलेली कितीतरी माणसं हयात होती. 'वाजवी' हा शब्द त्यांनी कशाला आठवून घातला असेल?

एक कबूल करतो. अडीच महिन्यांच्या आत पोपने ती सनद रद्द केली, पुढच्या वर्षी जॉन मेला, आणि १२१६ च्या प्रतीतून हे कलम गाळलं गेलं.

———

बुरुज :
'आमच्या देहाच्या सुटकेसाठी' हा शब्दप्रयोग मी कलमात इतक्या नीट वाचला नव्हता. अर्धा पटलो.

———

सातबारा :
आता माझी शेवटची शंका, आणि ती या सगळ्या सनदेबद्दल आहे. यात शेतकरी कुठे आहे?

गावातला बहुसंख्य माणूस व्हिलन, म्हणजे जमिनीला बांधलेलं कूळ. आठवड्याचे दोन-तीन दिवस धन्याच्या शेतावर वेठ, सुगीत जादा दिवस. मुलीचं लग्न करायचं तर धन्याला पैसे. बाप मेला तर गोठ्यातलं सर्वांत चांगलं जनावर धन्याच्या दारात बांधायचं. गाव सोडून जायचं नाही. धन्याविरुद्ध राजाच्या न्यायालयात जाता येत नाही. सनदेतलं प्रसिद्ध एकोणचाळिसावं कलम 'स्वतंत्र माणसा'ला संरक्षण देतं, आणि हा कायद्याने स्वतंत्र नाही. त्याच्या वाट्याला विसाव्या कलमात एवढंच येतं, की दंड केला तरी त्याची शेतीची अवजारं राहू द्या. नाइटने भरलेले २० शिलिंग अखेर आले ते याच्याच कणगीतून.

———

रोजकीर्द :
सातबारा, याचं उत्तर १२२५ च्या सनदेत आहे, आणि ते तुमच्या बाजूचं आहे.

जॉनचा मुलगा तिसरा हेन्री याने त्या वर्षी सनद पुन्हा दिली. पुढे कायदा म्हणून टिकली ती हीच प्रत. तिच्या शेवटी लिहिलंय की या स्वातंत्र्यांच्या बदल्यात आर्चबिशप, बिशप, मठाधिपती, अर्ल, बॅरन, नाइट, स्वतंत्र धारक आणि राज्यातल्या सर्वांनी आपल्या जंगम मालाचा पंधरावा हिस्सा आम्हाला दिला. माझ्या धंद्याच्या भाषेत ही पावती झाली. रक्कम मिळाली, मालही दिला.

'राज्यातल्या सर्वांनी' यात व्हिलन आला. सनद मात्र राज्यातल्या स्वतंत्र माणसांना दिली, असं त्याच कागदात वर लिहिलं आहे. एकाच कातड्यावर, भरणाऱ्यांची यादी लांब आणि घेणाऱ्यांची आखूड.

———

धुकं :
काका, १२२५ ची एक प्रत डरॅमच्या कॅथेड्रलकडे आहे. यॉर्कहून आगगाडीने तासाभराच्या आत. लेकीला आता लॅटिन नाही पण जुनी अक्षरं वाचायची गोडी लागली आहे. सनद मांडलेली कधी असते ते विचारून आम्ही दोघी जातो. शेवटून वर बघत 'पंधरावा' शब्द शोधायचा, असं तिला आत्ताच सांगितलंय. फोटो काढू दिला तर इथेच टाकते.